स्पीकर पेलेल असा रिसीव्हर कसा निवडावा?

होम थिएटरच्या स्पीकरना ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायरचा डबा म्हणजे रिसीव्हर. त्याच्या खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा सध्या विसरा. आधी स्पीकरच्या मागची पट्टी वाचा. तिथे किंवा माहितीपत्रकात दोन आकडे मिळतील: सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर मिळणारा आवाज, डेसिबलमध्ये; आणि इम्पिडन्स, म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध, ओहममध्ये. सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टवर मोजलेली असेल आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर त्यातून ३ डेसिबल वजा करा. कारण तेवढ्या व्होल्टला तो १ नव्हे, २ वॅट खातो.

आता टेप घेऊन स्पीकरपासून सोफ्यापर्यंतचं अंतर मोजा. घरातल्या खोलीत ३ मीटरवर आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. म्हणजे ८७ डेसिबलचा स्पीकर १ वॅटवर सोफ्याशी ८१ देईल. सिनेमातल्या स्फोटासाठी तिथे १०० डेसिबलचा क्षणिक आवाज हवा असेल, तर आणखी १९ डेसिबल लागतील. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट होतात, म्हणून गरज निघते सुमारे ८० वॅट. तोच स्पीकर ९० डेसिबलचा असता तर ४० वॅटमध्ये भागलं असतं, ८४ चा असता तर १६० लागले असते. पैसे वाचवायचे असतील तर ते इथेच, स्पीकर निवडताना वाचतात.

मग रिसीव्हरकडे वळा. खोक्यावरचे १५० वॅट अनेकदा ६ ओहमवर, एकच चॅनल (म्हणजे एकाच स्पीकरची वाट) चालवून, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुराला आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) धरून मोजलेले असतात. माहितीपत्रकात ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल’ अशी ओळ शोधा. तोच रिसीव्हर तिथे ८० वॅटवर येऊ शकतो. पाचही चॅनल एकदम चालले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून कमी येतं.

४ ओहमचे स्पीकर असतील तर रिसीव्हर ४ ओहम चालवतो असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं हवं. नसेल तर तो तापू शकतो आणि नेमका जोराच्या प्रसंगात बंद पडू शकतो. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलला समांतर जोडले तरी ४ ओहमच होतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

रिसीव्हर कमी पडला तरी ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक सुरांचा छोटा भाग, जळू शकतो. ताकद संपली की आवाजाच्या लहरींचे शेंडे कापले जातात आणि वरच्या पट्टीतली जादा शक्ती नाजूक ट्वीटरवर येते. त्यामुळे थोडा मोठा रिसीव्हर बेताने वाजवणं जास्त सुरक्षित. आवाज चिरका झाला की लगेच कमी करा.

ओझं हलकं करण्याचा सोपा उपाय: स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर) जोडा, सेटिंगमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ ठेवा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ करा. वॅट खाणारा बास मग रिसीव्हरवर पडत नाही.

जोडणी करताना प्लग आधी काढा. वायर शुद्ध तांब्याची घ्या: ८ ओहमसाठी १० मीटरपर्यंत १.५ स्क्वेअर एमएम, त्याहून लांब किंवा ४ ओहमला २.५. लालला लाल, काळ्याला काळं. एक जोडी उलटली तरी बास पोकळ होतो. टर्मिनलबाहेर आलेला एक तंतू शेजारच्याला टेकला की प्रोटेक्शन (रिसीव्हरची बचाव यंत्रणा) लागून रिसीव्हर बंद होतो. रिसीव्हरच्या वर निदान १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, आणि सेट टॉप बॉक्स त्याच्या डोक्यावर नको.