सर्टिफिकेशन करायचं, पण आधी लॅब

पुण्यात आमच्या लिनक्स टीमसाठी मी मुलाखती घेतो. नवी मुलं हमखास विचारतात, "सर, सर्टिफिकेशनचा खरंच फायदा होतो का?" होतो, पण परीक्षेची फी भरण्याआधी लॅबमध्ये, म्हणजे घरच्या लॅपटॉपवर उभारलेल्या सरावाच्या मशीनवर, हात बसलेला असेल तरच.

सुरुवात नोकरीच्या जाहिरातींपासून करा. हव्या त्या कामाच्या वीसेक जाहिराती वाचा आणि सर्टिफिकेशन 'आवश्यक' म्हटलंय की 'असल्यास प्राधान्य', ते टिपून ठेवा. नेटवर्किंगला सिस्कोचं सीसीएनए, क्लाउडला एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा), सर्व्हरला रेड हॅट या लिनक्स कंपनीचं आरएचसीएसए ही नावं पुन्हा पुन्हा दिसतील. वेब डेव्हलपरचं काम हवं असेल तर तो वेळ गिटहबवर, म्हणजे आपला कोड लोकांना दाखवता येतो त्या साइटवर, टाकायच्या कोडला द्या. सायबर सुरक्षेतल्या सीआयएसएसपीच्या मागे फ्रेशरने लागूच नये, तिथे अनुभवाची अट आहे.

माझा कल आरएचसीएसएकडे आहे, कारण त्यात पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं. ३०० पैकी २१० गुण हवेत, आणि केलेलं काम रीबूटनंतरही टिकलं पाहिजे.

लॅबला खर्च नाही. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरं, आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यात रेड हॅटसारखंच असलेलं मोफत रॉकी लिनक्स किंवा मोफत डेव्हलपर सबस्क्रिप्शनवर मिळणारं रेड हॅटचं लिनक्स. त्या मशीनला एक जादा डिस्क जोडा, ती माउंट करा (वापरता यावी म्हणून एका फोल्डरला जोडा), तिची ओळ एफएसटॅब फाइलमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना माउंट करायच्या डिस्कच्या यादीत, टाका आणि मग मुद्दाम मोडा: त्या ओळीतल्या यूयूआयडीचं, म्हणजे डिस्कच्या ओळखक्रमांकाचं, एक अक्षर बदलून रीबूट करा. मशीन दीड मिनिट त्या नसलेल्या डिस्कची वाट बघेल आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाईल. रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड देऊन आत शिरा, जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींत, कुठलं माउंट फसलं ते शोधा, फाइलसिस्टीम रीड-ओन्ली असेल तर बदल करता यावेत म्हणून रिमाउंट करा, ओळ सुधारा. मुलाखतीत मी हेच समोर ठेवतो. डंप, म्हणजे परीक्षेतून फुटलेले प्रश्न, पाठ करून आलेला उमेदवार स्क्रीनकडे बघत राहतो. घरी हे केलेला बोलता बोलताच जर्नल दाखवणारी जर्नलसीटीएल ही कमांड टाइप करायला लागतो. शिवाय डंप वापरणं परीक्षेच्या नियमांत बसत नाही, सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं.

आता पैशांचं. सीसीएनएची फी ३०० डॉलर, एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटची १५०. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम लहान नाही. नोकरीत असाल तर आधी मॅनेजरला विचारा. एडब्ल्यूएससारख्यांच्या पार्टनर कंपन्यांना आपला दर्जा टिकवायला ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी पास झाल्यावर फी परत मिळते. 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगणाऱ्या क्लासला मात्र कर्ज काढून पैसे देऊ नका.

आणि मुदत बघा. सीसीएनए, एडब्ल्यूएस आणि आरएचसीएसए ही तिन्ही सर्टिफिकेशन्स तीन वर्षं चालतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला परीक्षा दिलीत, तर नोकरीला लागेपर्यंत निम्म्याहून जास्त मुदत सरलेली असते. त्या वर्षी नुसती लॅब करा, परीक्षेची तारीख शेवटच्या वर्षात, कॅम्पसच्या तोंडावर घ्या.