आयरनी म्हणजे दैवदुर्विलास नाही हो! जुन्या कथा वाचताना या चुका टाळा

आमचा एक छोटासा वाचनाचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, एक जुनी कथा आधी वाचून यायची आणि मग पोहे-चहाबरोबर तिची चिरफाड. मागच्या खेपेला फ्रेंच लेखक मोपासांची ‘द नेकलेस’ होती आणि पोहे यायच्या आत तीन वेगवेगळ्या जणांनी एकच शब्द वापरला, दैवदुर्विलास. “बिचारीचा केवढा हा दैवदुर्विलास!” मी स्वतः कॉलेजात पेपरात हाच शब्द लिहून आलेय, खाली दोन रेघा मारून, त्यामुळे मला हसायचा काही अधिकार नाही. पण कथेतल्या आयरनीला (म्हणजे माणूस करायला जातो एक आणि होतं नेमकं उलट, याला) दैवदुर्विलास म्हणणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक आहे, कारण एकदा नशिबावर बिल फाडलं की कथेतल्या माणसाकडे बघायचं काही कारणच उरत नाही.

(पुढे सगळे स्पॉयलर आहेत. कथा १८८४ ची आहे, आता काय लपवायचं.)

गोष्ट थोडक्यात अशी. माथिल्द लुआझेल, नवरा शिक्षण खात्यात कारकून, हिला मात्र श्रीमंतीची स्वप्नं. मंत्र्यांच्या घरच्या समारंभाचं आमंत्रण येतं, नवरा बंदूक घ्यायला साठवलेले ४०० फ्रँक हिच्या ड्रेसला देतो, दागिना नाही म्हणून ती श्रीमंत मैत्रिणीकडून, मादाम फोरेस्तिएकडून, हिऱ्यांचा हार मागून आणते. हार हरवतो. तसाच दिसणारा ३६,००० फ्रँकला घेऊन परत करतात, त्यातले १८,००० वडिलोपार्जित, बाकीचं कर्ज. १० वर्षं भांडी घासून, पाणी वाहून कर्ज फिटतं आणि मग मैत्रीण रस्त्यात भेटते आणि सांगते, अगं माझा खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा.

आता सांगा, हार हरवला कधी? “हरवला” एवढंच सगळ्यांना आठवतं. पण परत जाऊन ते पान वाचा. पहाटे चारच्या सुमाराला दोघं निघतात, नवरा तिच्या खांद्यावर घरचीच साधी शाल-बिल टाकतो, आजूबाजूला बाकीच्या बायका फरचे कोट चढवतायत, आणि हिला ते आपलं साधं पांघरूण कुणाला दिसायला नकोय. नवरा म्हणतो थांब, सर्दी होईल, मी गाडी बघतो. ही ऐकत नाही, जिना धडाधड उतरते. रस्त्यावर गाडी नाही, थंडीत कुडकुडत नदीपर्यंत चालत जातात तेव्हा कुठे एक जुनाट गाडी मिळते, आणि घरी आरशासमोर ते पांघरूण काढल्यावर कळतं की गळा रिकामा आहे. हार नेमका कुठे पडला हे मोपासां सांगत नाही. पण ती का पळाली हे मात्र अगदी नीट सांगतो. यात दैव कुठे आलं? ती तीच आहे, पहिल्या पानावरचीच.

तिला वेगळं वागता आलं असतं अशी दुसरी जागा त्याच्याही पुढे. नवरा म्हणतो मैत्रिणीला चिठ्ठी लिही की कडी तुटलीय, दुरुस्तीला टाकलाय, तेवढाच वेळ मिळेल. तो सांगतो आणि ही लिहिते. मादाम फोरेस्तिएला त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर प्रकरण ५०० फ्रँकमध्ये मिटलं असतं, म्हणजे त्या ड्रेसपेक्षा जेमतेम १०० फ्रँक जास्त. त्या एका चिठ्ठीने १० वर्षं गेली. म्हणून आयरनी सापडत नसेल तर माझा उपाय साधा आहे: शेवटावरून मागे चालत या आणि जिथे त्या माणसाला वेगळं वागता आलं असतं पण त्याच्या स्वभावाने वागू दिलं नाही, तिथे पेन्सिलने खूण करा. एकही खूण झाली नाही तर मग खुशाल दैवदुर्विलास म्हणा.

आता याच्या बरोब्बर उलटी चूक, म्हणजे नशीब सोडलं की लोक डायरेक्ट तात्पर्यावर येतात. “हाव वाईट”, “अंथरूण पाहून पाय पसरावे”. व्हॉट्सॲपवर ही कथा फिरते ना, तिच्याखाली हमखास असं काहीतरी चिकटवलेलं असतं. अहो पण नुसती हावरट बाई १० वर्षं स्वतः भांडी घासून अशी पै-पै फेडेल का? मोलकरीण काढून टाकते, माळ्यावरच्या खोलीत राहायला जाते, भाजीवाल्याशी पैशापैशासाठी भांडते. तिला अब्रू आहे, आणि तीच अब्रू तिला खरं बोलू देत नाही. गुण आणि दोष एकच आहे इथे, आणि तात्पर्य काढलं की नेमकं हेच निसटतं.

शेवटची मैत्रिणीची ओळ सगळ्यांना पाठ असते, तिच्या आधीची कुणाला आठवत नाही. माथिल्द मैत्रिणीला सांगते की मी दुसरा हार आणून दिला होता, तुझ्या लक्षातसुद्धा आलं नाही ना, आणि हसते. भोळं, पण अभिमानाचं हसू. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतः कमावलेल्या गोष्टीचा अभिमान वाटतोय आणि पुढच्या वाक्यात तोच जातो. मला विचाराल तर हाराच्या खोटेपणापेक्षा ते हसू जास्त लागतं.

तिसरी चूक, ट्विस्ट म्हणजेच आयरनी समजणं. शेवट कळला, आता परत कशाला वाचायची? उलट खरं वाचन तेव्हाच चालू होतं! शेवट माहीत असताना वाचलं की खुणा दिसायला लागतात. हार हरवल्यावर नवरा-बायको डबी घेऊन, तिच्यावर ज्याचं नाव आहे त्या जवाहिऱ्याकडे जातात, तो वह्या चाळतो आणि म्हणतो, हार मी विकलेला नाही, फक्त डबी माझी असणार. म्हणजे हार आणि डबी एका ठिकाणचे नाहीत, सांगितलं की त्याने! आणि नवा हार परत करताना मादाम फोरेस्तिए जरा तुटकपणे म्हणते लवकर आणायचास, आणि डबी उघडून बघतसुद्धा नाही. माथिल्दला तेव्हा हायसं वाटतं. आमच्यात एक बँकेतून रिटायर झालेले काका आहेत, ते म्हणाले, “खरे हिरे असते तर कुणी न बघता कपाटात टाकलं असतं का?” हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

शब्दाचाही एक घोळ आहे. मराठीत आयरनीला आपण उपरोध म्हणतो, पण रोजच्या बोलण्यात उपरोधाने बोलणं म्हणजे टोमणा मारणं, मग मुलं कथेत टोमणे शोधत बसतात आणि सापडले नाहीत की म्हणतात यात आयरनी नाहीच. पुणेरी पाटी हा टोमणा झाला, तो लिहिणाऱ्याला माहीत असतो आणि वाचणाऱ्यालाही झोंबतो. कथेतल्या आयरनीत बऱ्याचदा बोलणाऱ्याला कल्पनाच नसते की आपण काय बोलून गेलो.

याचं बेस्ट उदाहरण अमेरिकन लेखिका केट शोपँची १८९४ सालची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’. जेमतेम दोन-तीन पानांची कथा. लुईजचं हृदय कमजोर, रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी तिची बहीण तिला जपून सांगते, ती रडते, खोलीत एकटी जाते आणि खिडकीशी बसल्या बसल्या तिला हळूहळू कळतं की आपण सुटलो. मग खाली येते तर दारात नवरा उभा, तो अपघाताच्या जवळपासही नव्हता. ती तिथेच मरते. डॉक्टर म्हणतात, आनंद सहन झाला नाही. इथे गोंधळ उडत असेल तर कागदावर कुणाला काय माहीत आहे एवढंच लिहा. बहिणीला काय माहीत, डॉक्टरांना काय माहीत, नवऱ्याला काय (त्याला तर अपघात झालेलाच माहीत नाही). खोलीत काय घडलं हे फक्त लुईजला आणि आपल्याला ठाऊक आहे, आणि आता आपल्यालाच. डॉक्टर थट्टा करत नाहीयेत, ते अगदी सिरियस आहेत, म्हणूनच ते वाक्य असं चावतं.

सगळ्या कथांना एकच पट्टी लावायची ही पण चूकच. अमेरिकन लेखक ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ घ्या, १९०५ ची. नाताळात नवरा-बायको एकमेकांसाठी भेट घेतात. डेलाकडे १ डॉलर ८७ सेंट, ती केस २० डॉलरला विकते, २१ डॉलरची घड्याळाची साखळी जिमसाठी घेते, हातात उरतात ८७ सेंट. तिकडे जिमने घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेत. “दोघं मूर्ख, एकमेकांना विचारायचं ना!” असं आमच्यात एकजण म्हणालाच. लपवलं इथेही आहे, पण माथिल्द लाजेपोटी लपवते आणि हे प्रेमापोटी, त्यामुळे वस्तू वाया जाऊनही लेखक त्यांना शहाणे म्हणतो. फक्त एक जाता जाता, डेलाचे केस परत वाढतील, ती स्वतःच म्हणते, पण जिमचं घड्याळ गेलं ते गेलंच. हे त्या कथेत कुणी बोलत नाही.

स्वतः कथा लिहिणाऱ्यांसाठी एकच. पात्राला आधीच माहीत असलेली गोष्ट वाचकापासून लपवून शेवटी फोडायची, याला आयरनी म्हणत नाहीत, ती नुसती लपाछपी. माथिल्दला माहीत असलेलं आणि आपल्याला न सांगितलेलं असं ‘द नेकलेस’मध्ये महत्त्वाचं काहीच नाही. जितकी ती फसते तितकेच आपण.

आणि हसू आलं की थांबू नका. रशियन लेखक चेकॉव्हची कारकुनाच्या मृत्यूची कथा, १८८३ ची, त्यात चेर्व्याकोव्ह थिएटरात शिंकतो आणि पुढे बसलेल्या जनरलच्या टकलावर थेंब उडतात. जनरल म्हणतो काही नाही, राहू द्या. हा तिथेच परत माफी मागतो, मध्यंतरात परत, दुसऱ्या दिवशी केस कापून नवा युनिफॉर्म चढवून त्याच्या ऑफिसात जाऊन परत. जनरलला राग नसतोच, तो यानेच माफ्या मागून मागून आणलेला असतो, शेवटी तो ओरडतो, चालता हो! आमच्याकडे इथपर्यंत सगळे खो-खो हसत होते. मग मी शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं, की तो घरी येतो, युनिफॉर्म न काढताच सोफ्यावर आडवा होतो आणि मरतो. काकांनी विचारलं, “युनिफॉर्म का नाही काढला?” आणि त्यावर आमची चहाची दुसरी फेरी झाली.