पहिला परकर शिवताना: मापापासून नाडीपर्यंत

शिवण शिकायला बसलेल्याला आधी टाक्यांची यादी दिली जाते. धावदोरा, हेम, काजं, सगळं एका रुमालावर घोटायचं. मला ही पद्धत पटत नाही. टाका कशासाठी आहे हे कळल्याशिवाय तो हातात बसत नाही, आणि ते कळतं अंगावर घालायचं काहीतरी शिवताना. त्यासाठी साडीखालचा सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा उभ्या तुकड्यांचा परकर उत्तम. त्यात गळा, बाही, मुंढा यांची भानगड नाही. पण उभा-आडवा धागा, माया, पक्की शिलाई, नेफा (नाडी ओवायची कंबरपट्टी), दुमड या पायाभूत गोष्टी सगळ्या येतात.

कापड

36 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं सुती पॉपलिन अडीच मीटर घ्या. सॅटीन किंवा क्रेप सुरुवातीला नको, ते कात्रीखाली सरकतं. आणलेलं कापड तसंच कापू नका. रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ते कापण्याआधी आटू द्यायचं, नाहीतर शिवलेला परकर घोट्याच्या वर चढतो.

कापडाच्या दोन्ही बाजूंच्या घट्ट विणीच्या कडा म्हणजे किनार. किनारीला समांतर जातो तो उभा धागा. तो ओढला तरी फारसा ताणत नाही. आडवा धागा थोडा ताणतो आणि तिरकस, म्हणजे उरेप दिशा सर्वांत जास्त. परकराच्या कळीची एक कड तरी तिरकी असतेच, म्हणून हा फरक बोटांनी ओढून बघा. दुकानदाराने कापलेलं टोक बहुधा वाकडं असतं. कडेला छोटी चीर देऊन पॉपलिन फाडलं की ते आडव्या धाग्यावर सरळ फाटतं. मापं तिथून पुढे घ्यायची.

मापं आणि कापणी

मापं दोनच लागतात: कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची आणि सीटचा, म्हणजे नितंबांचा सर्वांत रुंद घेर. कंबरेचं माप इथे कामाचं नाही, कारण परकर सीटवरून चढायला हवा. कंबरेला तो नाडीने आवळला जातो.

उंची 38 आणि सीट 40 इंच धरू. सीटमध्ये 2 इंच सैलपणा मिळवला की 42. भागिले 6 म्हणजे प्रत्येक कळी वर 7 इंच. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया धरून 8. माया म्हणजे टिपेच्या, म्हणजे मशीनच्या शिलाईच्या बाहेर राहणारं कापड. ती वाचवायला जाऊ नका. अर्ध्या इंचापेक्षा कमी माया असली तर ताण आल्यावर टीप कडेतून निसटते.

आता 38 इंच लांबीचे दोन तुकडे कापा. (नेफा दीड इंच उंची देतो, खालच्या दुमडीत एक इंच आणि वरच्या शिलाईत अर्धा जातो, म्हणून हिशेब बरोबर 38 वर येतो.) उरलेल्यातून 4 इंच रुंदीच्या दोन आडव्या पट्ट्या नेफ्यासाठी काढा.

एक तुकडा किनारीला किनार जुळवून उभा दुमडा. रुंदी 18 इंच झाली. वरच्या कडेवर घडीपासून 4 इंचावर, खालच्या कडेवर घडीपासून 10 इंचावर खूण करा आणि दोन्ही खुणा खडूने सरळ रेषेत जोडा. रेषेवर कापलं की घडीकडची उघडून एक मधली कळी होते, वर 8 आणि खाली 20 इंच. किनारीकडच्या दोन बाजूच्या कळ्या होतात. त्या मात्र उलट्या आहेत, त्यांचं अरुंद टोक खाली आहे. त्या लगेच फिरवून ठेवा आणि अरुंद टोकाला खडूने फुली करा. दुसरा तुकडाही असाच. पन्हा आटून 35 भरला तर खालची खूण घडीपासून साडेनऊ इंचावर करा, वरचं माप तेच राहील.

मशीन

पॉपलिनला 14 नंबरची सुई आणि इंचाला 10 ते 12 टाके. आधी चिंधीवर टीप मारून पाहा. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर बहुतेक वेळा बॉबिनचा दोष नसतो. वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा त्याचा ताण सैल असतो. पायाच्या मशीनची सवय नसेल तर दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर सुई चालवा.

कळ्या जोडणं

मधल्या कळीच्या प्रत्येक तिरक्या कडेला बाजूच्या कळीची सरळ, किनारीची कड लावायची. तिरकी कड ताणते, सरळ कड तिला धरून ठेवते. सुलट बाजू आत ठेवा, वरची टोकं जुळवा आणि हाताने लांब धावदोरा घाला. तिरकी कड खाली जवळपास अर्धा इंच जास्त येईल. ती ओढून बसवू नका, नंतर कापायची आहे.

अर्धा इंचावर टीप मारा आणि दोन्ही टोकांना तीन-चार टाके उलटे घ्या. मग तिरक्या कडेची माया पाव इंच उरेल इतकी कातरा, किनारीची माया तिच्यावर दुमडून चपटी करा आणि वरून दुसरी टीप मारा. कापलेली कड आत बंद झाली, आता दोरे सुटणार नाहीत. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री फिरवा. हा वेळ वाया जात नाही, घरगुती आणि सफाईदार शिवणातला निम्मा फरक इस्त्रीचा असतो.

शेवटी तीन-तीन कळ्यांचे मागचा आणि पुढचा भाग दोन्ही बाजूंना जोडा. डाव्या बाजूला वरून 7 इंच शिलाई सोडा, ती चीर. तिच्या दोन्ही कडांची अर्धा इंच माया बारीक दुहेरी दुमडून टीप घाला. चीर संपते तिथे आडव्या चार-पाच टिपा मागे-पुढे माराच. परकर फाटतो तो बहुतेक इथेच, कारण घालताना-काढताना सगळा ओढा या एका बिंदूवर येतो.

नेफा

दोन पट्ट्या जोडून 43 इंच लांब करा आणि टोकं अर्धा इंच दुमडून शिवा. पट्टीची सुलट बाजू परकराच्या उलट बाजूवर ठेवून अर्धा इंचावर टीप मारा. पट्टी पुढे उलटवा, तिची कड अर्धा इंच आत दुमडा आणि पहिली टीप झाकली जाईल अशी वरून शिवा.

नेफा दीड इंचापेक्षा अरुंद करू नका. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये अशा दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या कंबरेवर वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या वस्त्राच्या घर्षणाने जखम झाली आणि पुढे त्वचेचा कर्करोग झाला. रुंद नेफा आणि रुंद, चपटी नाडी दाब पसरवतात. तरीही ती करकचून बांधायची नाही.

खालची दुमड आणि नाडी

परकर रात्रभर टांगून ठेवा. तिरक्या कडा आपल्याच वजनाने उतरतात, मग खालचा घेर समपातळीत कापा. आधी पाव आणि मग पाऊण इंच दुमडून टीप मारा. घेर गोलाईत असल्याने आतलं कापड थोडं जास्त होतं, ते बोटांनी चेपत पुढे सरका. फ्रॉकसारख्या बाहेरून दिसणाऱ्या कपड्याला इथे हातशिलाई करतात आणि सुईने बाहेरच्या कापडाचा एखाद-दुसराच धागा उचलतात. परकराला मशीनची टीप जास्त टिकाऊ.

नाडी सेफ्टी पिनने ओवा आणि दोन्ही बाजू सारख्या करा. मग मागच्या मध्यावर नेफ्यातून आरपार एक उभी टीप मारा, म्हणजे धुताना नाडी निघून येणार नाही.