हार्लेच्या बूम बॉक्सचं सॉफ्टवेअर घरीच अपडेट करायचं असेल तर

हार्ले-डेव्हिडसनच्या स्ट्रीट ग्लाइड, रोड ग्लाइड या बाइकवाले बरेच जण बूम बॉक्सच्या (गाडीवरची गाणी-मॅपवाली स्क्रीन) अपडेटसाठी पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघत बसतात, खरं तर काही गरज नाहीये. पेन ड्राइव्ह, लॅपटॉप आणि नीट चार्ज असलेली बॅटरी एवढं असलं की सोसायटीच्या पार्किंगमध्येच होऊन जातं. गाडीवर आपल्याला फक्त एक-दोन बटणं दाबून गप्प बसायचं असतं, खरं काम पेन ड्राइव्हचं आणि घोडं अडतं ते पण तिथेच.

आधी आपल्या गाडीत नक्की कुठला डबा, म्हणजे कुठला बूम बॉक्स आहे ते बघा. २०१४ ते २०१८ च्या टूरिंग गाड्यांमध्ये ६.५ जीटी यायचा (बेस मॉडेलला छोट्या स्क्रीनचा ४.३), २०१९ पासून जीटीएस आला, आणि २०२३ च्या सीव्हीओपासून (हार्लेची महागडी खास मॉडेल्स) पुढे जी १२.३ इंची मोठी स्क्रीन आली त्यात स्कायलाइन ओएस आहे, तिथे वायफायवरून अपडेट होतं त्यामुळे त्यांनी हे वाचायची गरज नाही. बाकीच्यांनी नुसत्या मॉडेल इयरवर जाऊ नका, कारण जुन्या गाड्यांवर नंतर जीटीएस बसवून घेणारे लोक आहेत, सेकंडहँड गाडी घेतली असेल तर २०१७ च्या गाडीत जीटीएस निघू शकतो. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सिस्टीम माहितीचं पान उघडा आणि त्याचा सरळ मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सॉफ्टवेअर व्हर्जन त्यातच दिसतं, नंतर अपडेट खरंच झालं का हे ताडून बघायला पण तोच फोटो लागतो.

अपडेट करावंच का, तर माझं मत असं की काही त्रास नसेल तर प्रत्येक नव्या व्हर्जनच्या मागे धावायचं कारण नाही. पण कधीकधी त्यात खरंच काहीतरी मिळतं. जीटीएसला अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनचे मॅप, गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं) आलं ते २०२१ मध्ये आणि ते सॉफ्टवेअर अपडेटमधूनच, म्हणजे २०१९ ची गाडी असलेल्यांना नवा डबा न घेता मिळालं. तुमच्या गाडीत अजून नुसतं कारप्लेच (आयफोनसाठीचं तसंच) दिसत असेल तर समजून जा की कित्येक वर्षं कोणी हात लावलेला नाही.

आता पेन ड्राइव्ह. ८ ते ३२ जीबीचा साधा, चांगल्या कंपनीचा घ्या, लग्नाचे फोटो असलेला नको कारण फॉरमॅट करायचाय. फॉरमॅट फॅट३२. विंडोजमध्ये ६४ जीबीचा ड्राइव्ह लावला तर नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही, एक्सफॅट आणि एनटीएफएस दिसतं, मग लोक एक्सफॅट करून मोकळे होतात आणि गाडी म्हणते ड्राइव्हच सापडत नाही. मॅकवर डिस्क युटिलिटीत एमएस-डॉस फॅट निवडा आणि स्कीममध्ये मास्टर बूट रेकॉर्ड.

फाइल फक्त हार्लेच्या वेबसाइटवरून घ्या, इन्फोटेनमेंट अपडेटच्या पानावर आपल्या गाडीची माहिती टाकून तुमच्या डब्याची फाइल उतरवायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी गूगल ड्राइव्हची लिंक टाकतो ना, "भावा हीच टाक, माझ्यावर चालली", ती घेऊ नका. डाउनलोड घरच्या वायफायवर करा, बेसमेंटमध्ये हॉटस्पॉटवर अर्धवट उतरलेली फाइल दिसायला अगदी पूर्ण वाटते. आणि दोनदा डाउनलोड झाली असेल तर ब्राउझर नावापुढे कंसात १ लावतो, तसं नाव झालेली फाइल गाडीला ओळखू येईलच असं नाही, त्यामुळे दोन्ही उडवून परत एकदाच उतरवा. फाइल झिप असेल आणि पानावर उघडायला सांगितलं असेल तरच उघडा, सफारी स्वतःहूनच उघडून ठेवतं तिकडे लक्ष द्या. मग ती पेन ड्राइव्हवर सरळ बाहेरच टाका, फोल्डर करून त्यात नको, बाजूला गाणी नकोत, दुसरं काहीच नको. कॉपी झाली की झटक्यात उपटू नका, सेफली इजेक्ट करा.

बॅटरीकडे मात्र कोणी बघत नाही. या गाड्यांना २८ अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी असते, पण पावसाळाभर कव्हर घालून उभी असलेली गाडी असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. मल्टिमीटर असेल तर बघा, १२.६ व्होल्टच्या आसपास किंवा वर असेल तर ठीक, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट असेल तर टेंडर (बॅटरी चार्ज ठेवणारा छोटा चार्जर) लावूनच अपडेट करा, वॉचमनला सांगून ठेवा की कोणी वायर काढू नका. इग्निशन ॲक्सेसरीवर ठेवा म्हणजे हेडलाइट पेटत नाही आणि बॅटरी वाचते. इंजिन चालू करून बसायची आयडिया सोडा, बंद बेसमेंटमध्ये तर अजिबातच नको.

मग मीडिया कंपार्टमेंटमधली मोबाइलची केबल काढून त्याच यूएसबी पोर्टला पेन ड्राइव्ह लावा. थोड्या वेळात स्क्रीनवर अपडेट सापडल्याचं विचारेल, हो म्हणा. नाही विचारलं तर सेटिंगमधून सॉफ्टवेअर अपडेट निवडा. यापुढे हात मागे. मध्येच स्क्रीन काळी होईल, लोगो येईल, पट्टी एका जागी अडकल्यासारखी वाटेल, परत रीस्टार्ट होईल, हे सगळं चालतं. लोक इथेच घाबरून इग्निशन बंद करतात आणि साधं काम महागात पडतं. चहा आधीच पिऊन घ्या, गाडी सोडून वर जाऊ नका.

झालं की पेन ड्राइव्ह काढा, नाहीतर परत तेच विचारत बसेल. व्हर्जन फोटोशी ताडून बघा. ब्लूटूथ कधीकधी नाटक करतं, तेव्हा फोनमधून गाडी आणि गाडीतून फोन असं दोन्हीकडून डिलीट करून नव्याने पेअर करा, एकाच बाजूने केलं तर ते अडकूनच राहतं. बास, ट्रेबल, रेडिओची सेव्ह केलेली स्टेशनं एकदा बघून घ्या. कारप्ले दिसत नाही म्हणून अपडेटला शिव्या घालण्याआधी माइकवाला हेडसेट जोडलाय का बघा, जीटीएसवर त्याशिवाय ते उघडत नाही. जीपीएस लगेच जागा दाखवत नसेल तर गाडी उघड्यावर काढून थोडा वेळ उभी करा.

नवे स्पीकर-ॲम्प बसवलेल्यांनी आधी डीलरला एक फोन करा, कारण त्यांचं इक्वलायझरचं सेटिंग डीलर आपल्या कॉम्प्युटरवरून टाकतो, ते घरी करता येत नाही. आवाज अचानक पातळ किंवा फाटका वाटला तर व्हॉल्यूम वाढवून खात्री करत बसू नका, स्पीकर जाईल.

आणि ड्राइव्ह ओळखतच नसेल तर दुसरा पेन ड्राइव्ह, परत फॉरमॅट, परत फाइल, एवढं करून बघा. अपडेट मध्येच मेलं आणि बराच वेळ स्क्रीन ढिम्म हलत नसेल तर इग्निशन बंद करून पाच मिनिटं थांबा, मग चालू करा, बऱ्याचदा परत सुरुवातीपासून विचारतं. तरीही काळीच राहिली तर फ्यूज काढून प्रयोग करू नका, पेन ड्राइव्ह आणि तो व्हर्जनचा फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, स्क्रीन नसली तरी गाडी चालते.