दगडकामात यायचंय? आमच्या घरातल्या चार पिढ्यांचा अनुभव

हल्ली शेडवर बरीच पोरं-पोरी येतात, कुणी फाइन आर्टवाला, कुणी सिव्हिल डिप्लोमा केलेली, कुणी नोकरी सोडायच्या विचारात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, की दगडकाम शिकायचंय पण घरात कुणी केलेलं नाही, तर जमेल का. जमतं. पण आधी आमच्या घरात हा धंदा कसकसा बदलत आला ते ऐका, अर्धं उत्तर त्यातच आहे.

आम्ही पाथरवट, वाईच्या बाजूचे. पणजोबांचा धंदा म्हणजे जाती, पाटे-वरवंटे, उखळं. पाऊस संपला की गाढवांवर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरायचं आणि मिरगाच्या आधी परत यायचं. आता जातं एकदा विकलं की ते त्या घरात दोन-दोन पिढ्या चालतं, मग पोट कशावर भरणार? तर टाकी लावण्यावर. दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत होतात, दाणा नुसता घसरतो आणि पीठ भरड पडतं, मग छन्नीनं टोचे मारून त्या परत खरबरीत कराव्या लागतात. हे काम आमच्याकडे बायकाच करायच्या, पणजीनं केलं, आजीनंही केलं. बदल्यात पैसे कमी आणि ज्वारी-बाजरी जास्त मिळायची, पण वर्षभर गिऱ्हाईक तुटायचं नाही. आजही माझ्याकडे नवीन मूर्तीच्या ऑर्डरीपेक्षा दुरुस्तीची कामं जास्त भरवशाची असतात हे मुद्दाम सांगतो.

मग गावात पिठाची गिरणी आली आणि जातं गेलं अडगळीत. आजोबा विहिरींच्या बांधकामाकडे वळले, चिरे घडवायचे, कडेनं रचायचे. 1972 च्या दुष्काळात ते कामही थांबलं, कोण विहीर बांधणार, तेव्हा आजी-आजोबा दोघंही दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला बसले. घडीव कामाचा माणूस खडी फोडतोय, हे त्यांना फार लागलं होतं, म्हातारपणीही तो विषय निघाला की गप्प व्हायचे. नंतर देवळांच्या जीर्णोद्धाराची कामं मिळायला लागली आणि तिथून घराला परत उभारी आली. लहानपणी आम्हाला ते वाईला ढोल्या गणपतीच्या देवळामागे न्यायचे. 1762 सालचं देऊळ, नदीला अगदी लागून, आणि मागची भिंत माशासारखी निमुळती, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी तिथं दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. आजोबा म्हणायचे मूर्ती सगळे बघतात, तुम्ही भिंत बघा, सांधा बघा. ही सवय मला कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त कामाला आली.

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या काळात घरोघरी मिक्सर आला, पाटाही गेला. पण शहरात फ्लॅट वाढत होते, अण्णांनी किचन ओट्याची कामं धरली, आधी कडप्पा, मग ग्रॅनाइट, रनिंग फुटावर रेट, कडेला मोल्डिंग, वर पॉलिश. आमचं पक्कं घर त्या ओट्यांवर उभं राहिलंय, त्यामुळे त्या कामाला मी कधी हलकं म्हणणार नाही. पण त्याच काळात धूळही घरात आली.

या धुळीबद्दल थांबून सांगतो कारण नवीन पोरं हेच हसण्यावारी नेतात. हातानं छन्नी मारताना चिपा उडतात, ग्राइंडरनं कोरडं कापलं की पिठासारखी बारीक धूळ उडते आणि त्यातलं सिलिका फुप्फुसात जाऊन बसतं ते बसतंच. त्यानं फुप्फुसाचा जो आजार होतो, सिलिकोसिस, त्यावर बरं करणारं औषध नाही. अण्णांच्या बरोबरचे कारागीर पन्नाशीच्या आत गेले, लोक म्हणायचे टीबी झाला, बिडी फार ओढायचा. आपल्या काळ्या दगडात हे सिलिका कमी असतं, ग्रॅनाइटमध्ये बरंच, वालुकाश्मात त्याहून जास्त, आणि हल्ली ओट्याला जो कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झ बसवतात त्यात तर 90 टक्क्यांच्या वरही असू शकतं. ऑस्ट्रेलियानं तो 1 जुलै 2024 पासून बंदच केला. म्हणून कापताना पाणी सोडा, तोंडाला रुमाल चालणार नाही, एन-95 किंवा त्याच्या वरचा मास्क घट्ट बसवून घाला, आणि ज्या शेडमध्ये मालक म्हणतो काही होत नाही रे, तिथं कितीही मोठं काम शिकायला मिळत असलं तरी थांबू नका.

आता शिकायचं कुठून. माझं मत विचाराल तर मूर्तीपासून नाहीच, अवजारापासून. स्वतःची छन्नी स्वतःला करता आली पाहिजे. पोलादी कांब भट्टीत लाल करायची, ऐरणीवर टोक काढायचं, परत लाल झाली की फक्त टोक, साधारण बोटाच्या एका पेराएवढं पाण्यात बुडवायचं आणि लगेच बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करायचं. मागच्या भागात अजून धग असते, ती हळूहळू पुढे येते आणि चकचकीत पोलादावर रंग चढत जातात, आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. काळ्या दगडासाठी पिवळा जाऊन तपकिरी व्हायला लागला की तेवढ्यातच पूर्ण बुडवायची. लवकर बुडवली तर टोक काचेसारखं तुटतं, निळ्यावर गेली तर मऊ पडून मुडपतं. यालाच आम्ही छन्नीला पाणी देणं म्हणतो. कार्बाइडच्या टोकाची तयार छन्नी बाजारात मिळते, मीही वापरतो, पण पाणी देता यायला लागलं की दगडाचा कठीणपणा हाताला कळायला लागतो, ते विकत मिळत नाही.

दुसरं म्हणजे दगड ओळखणं. आपला काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. थराच्या वरच्या अंगाला हवेचे बुडबुडे अडकून दगड जाळीदार होतो, मधला भाग घट्ट असतो, घडीव कामाला तो मधलाच घ्यायचा. हातोडीनं वाजवा, खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत कुठंतरी भेग आहे. शंका असेल तर पाणी ओतून थोडं थांबा, सगळा दगड वाळतो आणि भेगेची रेघ तेवढी ओली राहते. विकत घेताना रॉयल्टीची, म्हणजे दगडावरचा सरकारी आकार भरल्याची पावती मागून घ्या, वाटेत गाडी अडवली तर भुर्दंड तुम्हालाच.

डिग्री पाहिजे असेल तर मुंबईचं सर जे. जे. कला महाविद्यालय आहे, 1857 पासूनचं, तिथं शिल्पकलेची चार वर्षांची पदवी प्रवेश परीक्षा देऊन करता येते. देवळाचं शास्त्र, मापं, मूर्तीचं ताल-मान म्हणजे अवयवांचं प्रमाण पद्धतशीर शिकायचं असेल तर तामिळनाडूत मामल्लपुरमला सरकारी कॉलेज आहे. आणि उशीर झाला असं वाटत असेल तर अरुण योगीराज बघा, अयोध्येतली रामलल्लाची मूर्ती केली ते, म्हैसूरचं पिढीजात शिल्पकार घराणं, पण एमबीए करून नोकरी केली आणि मग 2008 साली परत छन्नी धरली. घरची विद्या होती हे खरं, पण नोकरी सोडायचा निर्णय त्यांनाही घ्यावाच लागला.

पैशाचं म्हणाल तर पहिली दोन-तीन वर्षं ओढाताण होणार, घरी आधीच सांगून ठेवा. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत मूर्तिकार आणि दगड घडवणारे दोन्ही बसतात, ट्रेनिंगचे रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 चं व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, ते फेडलं की 2 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पण त्या कामात आधीपासून हातानं काम करणारा माणूस लागतो आणि एका घरातून एकालाच, त्यामुळे शिकाऊ म्हणून लगेच फॉर्म भरू नका, आधी काम धरा. सुरुवातीला खलबत्ते, पाटे-वरवंटे, तुळशी वृंदावनं करा. शहरातले लोक आता पाटा परत मागायला लागलेत, माझी बहीण ते सगळं ऑनलाइन विकते आणि पॅकिंगचा खर्च धरूनही बरे सुटतात. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन आमच्याकडेही आहे, जाळ्या आणि अक्षरं त्यावर झटपट होतात, पण मूर्तीचा चेहरा आम्ही मशीनवर कधी सोडत नाही.

प्रत्यक्ष बघायला यायचं असेल तर पावसाळ्यात या. खाणीत पाणी भरलेलं असतं, साइटची कामं थांबलेली असतात, सगळे कारागीर शेडमध्येच भेटतात आणि शिकवायला त्यांना वेळही असतो. दिवाळीनंतर आलात तर कुणी वर मान करून बोलणार नाही. आणि पायात बूट घालून या, चपलेवर आम्ही आत घेत नाही.