या चुका टाळा: मास्टरचं मेन करताना

गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन; त्यात कामाच्या प्रत्येक धाग्याला ब्रँच म्हणतात. मुख्य ब्रँचचं नाव जुनं 'मास्टर' ठेवायचं की नवं 'मेन', हा वाद आयटी पार्कजवळ तर्री-पोहे खाताना हवा तेवढा रंगू द्या. नावानं काही बिघडत नाही, बिघडतं ते अर्धवट नामांतरानं.

गिटहब ही गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायची साइट. तिनं १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या रिपोच्या (प्रोजेक्टच्या कोडसाठ्याच्या) मुख्य ब्रँचला मेन हे नाव दिलं. गिट २ मात्र सेटिंग बदललं नसेल तर 'गिट इनिट'ला (मशीनवर नवा रिपो सुरू करायच्या कमांडला) मास्टरच तयार करतं. मग गिटहबवर रीडमीसह (माहितीच्या फाइलसह) रिपो उघडायचा, इकडे मशीनवर इनिट करून पुश करायचं, म्हणजे गिटहबवर पाठवायचं, की दोन ब्रँच तयार आणि एकमेकींशी नातं शून्य. मर्ज (एकत्र) करताना 'अनरिलेटेड हिस्टरीज'ची एरर येते. मेनवर नुसता रीडमी असेल तर जबरदस्तीनं मर्ज करू नका. रिपो क्लोन करून (मशीनवर त्याची प्रत घेऊन) त्यात फाइली टाका. 'सोर्स रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी' दिसलं, तर तुमच्याकडे मेन नाहीच किंवा पहिला कमिट (बदलांची नोंद) बाकी आहे.

प्रत्येक मशीनवर एकदाच: 'गिट कॉन्फिग --ग्लोबल इनिट.डिफॉल्टब्रँच मेन'. ही सोय गिट २.२८ पासूनची. त्याआधीचं गिट हे सेटिंग मुकाट सोडून देतं, म्हणून आधी आवृत्ती बघा.

जुन्या रिपोतल्या ब्रँचचं नाव गिटहबच्या सेटिंगमधूनच बदला. उघडे पुल रिक्वेस्ट (बदल ब्रँचमध्ये घ्यायच्या विनंत्या) आणि ब्रँच प्रोटेक्शनचे नियम सोबत जातात. नवी ब्रँच काढून जुनी डिलीट केली, तर ते पुल रिक्वेस्ट बंद होतात.

सगळ्यात महागात पडते ती वर्कफ्लो फाइल, म्हणजे बदल आल्यावर बिल्ड आपोआप चालवायच्या सूचना. तिच्यात 'ब्रँचेस'खाली मास्टर तसाच राहतो. एरर नाही, लाल खूण नाही, बिल्ड नुसता चालत नाही. कळतं ते क्लायंटनं विचारल्यावर. नामांतराआधी 'गिट ग्रेप मास्टर' चालवून रिपोत हा शब्द कुठे कुठे आहे ते शोधा. जेनकिन्सचे (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या साधनाचे) जॉब आणि सर्व्हरवरच्या डिप्लॉय स्क्रिप्ट रिपोबाहेर असतात, त्या हातानंच तपासाव्या लागतात.

मग टीममधल्या प्रत्येकानं, याच क्रमानं:

गिट ब्रँच -एम मास्टर मेन
गिट फेच ओरिजिन
गिट ब्रँच -यू ओरिजिन/मेन मेन
गिट रिमोट सेट-हेड ओरिजिन -ए

एकानं जरी हे टाळून मास्टर पुश केला, तरी ती ब्रँच सर्व्हरवर पुन्हा उभी राहते. मास्टर नावाची ब्रँच पुन्हा तयार करायला गिटहबच्या रूलसेटमधून (ब्रँचच्या नियमांमधून) बंदी घाला.

एकमत होत नसेल तर रिपो कुणाचा ते बघा. क्लायंटचा असेल तर त्यानं ठेवलेलं ब्रँचचं नाव चालू द्या. स्वतःच्या नव्या रिपोला मेन. चालू असलेला जुना रिपो, पाइपलाइन (बिल्ड-डिप्लॉयची साखळी) तपासायला वेळ नसेल तर, मास्टरवरच राहू द्या.