हायकोर्टाचा जुना निवाडा कसा वाचावा

कोकणात जमिनीचा वाद उभा राहिला की एखाद्या जुन्या निवाड्याचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. घरातल्या ट्रंकेत १९५३ सालच्या सेकंड अपिलाची (जिल्हा न्यायालयाच्या निकालावर हायकोर्टात केलेल्या दुसऱ्या अपिलाची) नक्कल सापडते, सहहिस्सेदार ‘हायकोर्टाने हे केव्हाच ठरवून टाकले आहे’ असे ठासून सांगतो, किंवा वकील मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या काळातला एखादा निर्णय पुढे करतात. १९४५ ते १९६५ या काळातील मुंबई हायकोर्टाचे दिवाणी आणि करविषयक निवाडे सामान्य पक्षकाराने कसे वाचावेत, एवढाच या लेखाचा विषय आहे. यामुळे वकिलाची गरज संपत नाही. मात्र त्यांच्यासमोर बसल्यावर नेमके काय विचारायचे, हे कळते.

निवाडा उघडण्यापूर्वी पक्षकारांची नावे पाहावीत. आपले आजोबा, पणजोबा किंवा ज्यांच्याकडून जमीन आपल्याकडे आली ते मूळ मालक त्या दाव्यात वादी किंवा प्रतिवादी होते काय? असतील, आणि तोच मुद्दा त्याच मिळकतीबाबत त्यांच्यात लढून अंतिमपणे निकाली निघाला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ प्रमाणे तो पुन्हा उकरून काढता येत नाही. तो निकाल बरोबर होता की चूक, याला मग फारसे महत्त्व राहत नाही. नसतील, तर तो निवाडा आपल्यासाठी केवळ पूर्वदाखला आहे, म्हणजे त्यातील कायद्याचे तत्त्व आपल्याला लागू पडते, त्यातील जमिनीचा निकाल नव्हे. गावोगावच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ या दोन गोष्टींची सरमिसळ करण्यात आहे. नक्कल घरची असेल तर आणखी एक पाहावे: हाती आहे तो न्यायनिर्णय की हुकूमनामा? न्यायनिर्णयात कारणे असतात, तर हुकूमनाम्यात कोणाला काय मिळाले हे असते, आणि अंमलबजावणी होते ती हुकूमनाम्याची.

त्यानंतर निवाड्याचा पत्ता, म्हणजे सायटेशन, वाचावे. ‘एआयआर १९५२ बॉम्बे ८४’ याचा अर्थ ऑल इंडिया रिपोर्टरच्या १९५२ च्या मुंबई विभागातील पान ८४. तोच निवाडा ‘५३ बॉम्बे लॉ रिपोर्टर ७७९’ येथेही मिळतो. बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ मध्ये सुरू झाला आणि त्याचा वर्षाला एक खंड धरला जातो, म्हणून खंडाच्या क्रमांकात १८९८ मिळवले की साल निघते: ५३ अधिक १८९८ म्हणजे १९५१. निर्णय १९५१ चा असूनही एआयआरमध्ये १९५२ दिसते, कारण ते छपाईच्या खंडाचे साल आहे. कायद्यात मध्येच दुरुस्ती झालेली असेल तर हा एका वर्षाचा फरक महाग पडतो, तेव्हा निर्णयाची खरी तारीख निवाड्याच्या माथ्यावरूनच घ्यावी. १९३३ पासून निघणाऱ्या इन्कम टॅक्स रिपोर्ट्सला ही बेरीज लावू नये. त्याचे एका वर्षात एकाहून अधिक खंड निघू लागले होते.

छापील निवाड्याच्या आरंभी बारीक अक्षरांत जो सारांश असतो तो हेडनोट होय. तो संपादकाने लिहिलेला असतो, न्यायाधीशाने नव्हे. त्यावरून विषय कळतो, पण त्याच्या आधारे कोणाशीही वाद घालू नये. न्यायाधीशांचे नाव जेथे येते तेथपासून निवाडा सुरू होतो. नावे किती आहेत तेही मोजावे, कारण एकल न्यायाधीशाच्या मतापेक्षा दोघांच्या खंडपीठाचे आणि खंडपीठापेक्षा पूर्णपीठाचे (तीन किंवा अधिक न्यायाधीशांचे) मत वरचढ असते.

आता मुख्य काम. कोणताही निवाडा हे एका प्रश्नाचे उत्तर असते, आणि तो प्रश्न सापडल्याशिवाय उत्तर वाचण्यात अर्थ नसतो. आयकराच्या निवाड्यांत हे काम सोपे आहे. १९२२ च्या आयकर कायद्याच्या कलम ६६ खाली आयकर अपील ट्रायब्युनल कायद्याचा प्रश्न लिहून हायकोर्टाकडे पाठवी. हायकोर्ट तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देई आणि वस्तुस्थिती ट्रायब्युनलने ठरवली तीच धरून चाले. म्हणून ‘प्रकरणाची वस्तुस्थिती व परिस्थिती पाहता’ अशा धाटणीचे वाक्य जेथे येते तेथे पेन्सिलने खूण करावी. उत्तर ‘होकारार्थी’ आहे म्हणजे करदाता जिंकला असे समजू नये. प्रश्न कसा मांडला होता त्यावर ते अवलंबून असते. शेवटच्या ओळीतला खर्चाचा हुकूम पाहिला की कोण हरले याचा अंदाज बहुधा येतो, कारण सामान्यतः खर्च हरलेल्याच्या माथी बसतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मुंबईचा बाचा गुजदार खटला. १९४९-५० या लेखावर्षात करदातीला चहाच्या दोन कंपन्यांकडून २,७५० रुपये लाभांश मिळाला होता. चहा कंपनीच्या उत्पन्नाचे ६० टक्के शेतीचे मानून करमुक्त धरले जात आणि ४० टक्क्यांवर कर बसे. तेव्हा आपल्या लाभांशाचेही ६० टक्के, म्हणजे १,६५० रुपये, करमुक्त असावेत असे तिचे म्हणणे होते. मुंबई हायकोर्टाने ते नाकारले आणि १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही अपील फेटाळले. कारण असे की, शेतीचे उत्पन्न ठरण्यासाठी पैशाचा जमिनीशी थेट संबंध लागतो. भागधारकाला लाभांश मिळतो तो कंपनीशी असलेल्या नात्यातून, आणि कंपनीच्या मळ्यावर त्याची कसलीही मालकी नसते.

चहाच्या या निवाड्याचा आंब्याशी काय संबंध, असे देवगडचा बागायतदार विचारील. संबंध आहे तो उत्तराशी नव्हे, प्रश्नाशी. पैसा जमिनीतून थेट आला की मधल्या एखाद्या व्यवहारातून? स्वतःच्या कलमांचा आंबा विकणाऱ्याचे उत्पन्न शेतीचे. पण मोहोर आल्यावर किंवा फळ धरल्यावर झाडावरचा माल ठरीव रकमेला घेऊन तो वाशीच्या बाजारात विकणाऱ्याचा नफा? मद्रास हायकोर्टाने १९५१ मध्ये तंबाखूच्या उभ्या पिकाबाबत असा नफा व्यापाराचा ठरवला, कारण पीक काढण्यासाठी लागणारी मशागत दुसऱ्याने केली होती. मात्र तुमच्या करारात बाग कसण्याचे काम, खते, फवारणी आणि राखण वर्षभर तुमच्याकडेच असेल तर वस्तुस्थिती वेगळी होते, आणि तो निवाडा जसाच्या तसा तुमच्या अंगावर येत नाही. आपोआप उगवलेल्या झाडांबाबत सुप्रीम कोर्टाचा १९५७ चा राजा बिनयकुमार सहसरॉय निवाडा वाचावा. नांगरणी, पेरणी, लावणी ही जमिनीवरची मूळ कामे झालेली असली पाहिजेत; नुसती छाटणी, राखण आणि तोडणी पुरेशी नाही, असे सूत्र त्यात आहे. मात्र त्या खटल्यातील जंगलावर मानवी श्रम व कौशल्य खर्च झाले होते, म्हणून जमीनदारच जिंकला. म्हणजे सूत्र एका बाजूला कडक आणि निकाल दुसऱ्या बाजूला उदार. केवळ निकाल सांगणारा माणूस येथे फसतो.

दिवाणी निवाड्यात प्रश्न असा आयता मिळत नाही. तो शोधावा लागतो. रत्नागिरी किंवा कुलाबा जिल्ह्यातला दावा आधी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, मग जिल्हा न्यायालयात आणि तेथून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली सेकंड अपिलात मुंबईला जाई. सेकंड अपिलात हायकोर्ट पुरावा नव्याने तोलत नसे. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी निर्णय कायद्याविरुद्ध असणे, महत्त्वाचा मुद्दा सुटणे किंवा कार्यपद्धतीत मोठा दोष असणे, अशा कारणांवर अपील चाले. १९७७ पासून कायद्याचा महत्त्वपूर्ण प्रश्न आहे काय, हे पाहिले जाऊ लागले. म्हणून निवाड्यात ‘प्रतिवादीची बारा वर्षांची वहिवाट सिद्ध झाली आहे’ असे वाक्य आले की ते कोणाचे आहे ते तपासावे. ते खालच्या न्यायालयाचे असेल आणि हायकोर्टाने नुसते मान्य केलेले असेल, तर तो त्या एका दाव्यापुरता निष्कर्ष आहे. वहिवाट कशी सिद्ध करावी याबद्दल त्यात काहीही ठरलेले नाही. ‘अपीलदाराच्या वकिलांचे म्हणणे असे की’ या शब्दांनी सुरू होणारा परिच्छेद न्यायालयाचे मत म्हणून उद्धृत केलेला अनेकदा दिसतो. परिच्छेदाचा शेवट वाचेपर्यंत धीर धरावा, इतकेच.

खोती आणि कुळांच्या वादांत तारखा हाताशी ठेवल्या नाहीत तर सगळेच बिनसते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. खोती, म्हणजे खोतामार्फत गावचा सारा वसूल करण्याची पद्धत, १५ मे १९५० पासून रद्द झाली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवशी कायद्यातील अटींना अधीन राहून कुळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. १८८० च्या खोती कायद्याखाली खोताच्या हक्काबद्दल दिलेला निवाडा १९५० नंतरच्या मालकीच्या प्रश्नाला सरळ लागू पडत नाही, पण ‘खोत-खासगी’ आणि ‘खोत-निसबत’ जमिनींत काय फरक होता हे समजण्यासाठी तोच उपयोगी पडतो. शिवाय कुळ आहे की नाही हा प्रश्न कुळकायद्याच्या कलम ८५ ने दिवाणी न्यायालयाच्या हातून काढून मामलेदाराकडे दिला. तेथून प्रकरण महसूल न्यायाधिकरणाकडे आणि मग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली हायकोर्टात येई. अशा अर्जात हायकोर्ट फक्त खालच्या अधिकाऱ्याने आपली मर्यादा ओलांडली काय, हे पाहते. तेव्हा ‘हायकोर्टाने कुळाचा अर्ज फेटाळला’ याचा अर्थ ‘तो कुळ नव्हता असे हायकोर्टाने ठरवले’ असा होईलच असे नाही.

सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थाने १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. त्या मुलखातले त्यापूर्वीचे वाद संस्थानी न्यायालयांत चालत. तेरेखोलपलीकडच्या, म्हणजे गोव्यातल्या, जमिनीबाबत तर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता आणि कायदाही त्यांचाच होता, त्यामुळे मुंबईचा पन्नासच्या दशकातला निवाडा तेथे दाखवून उपयोग नाही.

जुन्या निवाड्यांतील हिस्से आणे-पैंत असतात, त्यांचे अपूर्णांक आधीच करून ठेवावेत. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे एकूण १९२ पै. ‘२ आणे ८ पैची तक्षीम’ म्हणजे ३२ पै, अर्थात एक षष्ठांश; ‘५ आणे ४ पै’ म्हणजे एक तृतीयांश. निवाड्यातील सर्व हिश्श्यांची बेरीज १९२ येते काय ते पाहावे. येत नसेल तर एखादी शाखा दाव्याबाहेर राहिली असण्याचा संभव असतो, आणि मग त्या शाखेवर तो निकाल बंधनकारक आहे काय, हा आपला पहिला प्रश्न होतो.

वाटणीच्या बाबतीत दिवाणी आणि कराचे निवाडे एकमेकांशेजारी ठेवून वाचू नयेत. हिंदू कायद्याने भाऊ विभक्त झाले, तरी पूर्वी एकत्र कुटुंब म्हणून करआकारणी झालेली असेल तर १९२२ च्या कायद्याच्या कलम २५-अ प्रमाणे अधिकाऱ्याने वाटणीचा आदेश नोंदवीपर्यंत ते कुटुंब करापुरते एकत्रच मानले जाई. त्यामुळे १९५० च्या आयकर निवाड्यात ‘कुटुंब एकत्र’ असे दिसले, म्हणून त्याच वर्षीचे वाटणीपत्र खोटे ठरत नाही. मुंबईत नोकरी किंवा दुकान आणि गावी सामाईक आगर अशा घरांत हा घोटाळा विशेष होतो.

शेवटी निवाडा अजून उभा आहे काय, हे तपासावे. मुंबई हायकोर्टाने १९५२ चा मुंबई विक्रीकर कायदा घटनाबाह्य ठरवला. १९५३ मध्ये युनायटेड मोटर्स निवाड्यात सुप्रीम कोर्टाने तो निर्णय मोठ्या अंशी फिरवला. आणि आंतरराज्य विक्रीवर माल जेथे पोहोचतो ते राज्य कर लावू शकते, हे त्यातले स्वतःचे मत सुप्रीम कोर्टाने १९५५ च्या बेंगॉल इम्युनिटी निवाड्यात मागे घेतले. १९५६ मध्ये सहावी घटनादुरुस्ती आणि केंद्रीय विक्रीकर कायदा आला. म्हणजे चार वर्षांत कायदा चार ठिकाणी उभा होता, आणि यांतला एकच निवाडा वाचणारा वेंगुर्ल्याचा काजू व्यापारी त्या काळात चुकीच्या राज्यात कर भरून बसला असता. वकिलांना ‘हा निवाडा पुढे अनुसरला गेला, वेगळा ठरवला गेला की रद्द झाला?’ असे सरळ विचारावे. ‘वेगळा ठरवला’ म्हणजे तत्त्व कायम, पण वस्तुस्थिती निराळी. हे उत्तर आले तर त्या नंतरच्या निवाड्यातील वस्तुस्थिती आपल्याशी जुळते की जुन्यातील, हे ताडून पाहावे.

संपूर्ण निवाडा जिल्हा न्यायालयातील वकिलांच्या ग्रंथालयात जुन्या खंडांत मिळू शकतो. घरच्या दाव्याची प्रमाणित नक्कल हवी असेल तर अर्जात अपिलाचा क्रमांक, साल आणि पक्षकारांची नावे जुन्या कागदावर आहेत त्याच लेखनाने द्यावीत, आणि जिल्ह्याचे नाव तेव्हाचे लिहावे: सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला आणि कुलाब्याचे रायगड त्याच वर्षी झाले, त्यामुळे मालवणचा दावा ‘रत्नागिरी’खाली आणि अलिबागचा ‘कुलाबा’खाली नोंदलेला असतो. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या कक्षेत आले आहेत. जुन्या नोंदीसाठी अर्ज मुंबईला करायचा की कोल्हापूरला, हे दाखल करण्यापूर्वी वकिलांकडून विचारून घ्यावे.